तोंड बाहेर ठेवून या

माझ्या घरमालकांनी मला विचारलेला पहिला प्रश्न भाड्याचा नव्हता, खाण्यापिण्याचा नव्हता, आडनावाचा तर नव्हताच. ओट्यावर खुर्ची देऊन ते म्हणाले, "मॅडम, तुमी बहुत बोलता का?"

मी सानगडीला ज्युनियर कॉलेजात मराठी शिकवायला नुकतीच आले होते. बोलणं हा माझा पोटापाण्याचा धंदा, आणि स्वभाव तर त्याच्याही आधीपासूनचा. नाशिकला माझी आई म्हणायची, ही मुलगी झोपेतसुद्धा उत्तरं देते. पण खोली हवेशीर होती, विहिरीला पाणी होतं आणि कॉलेज हाकेच्या अंतरावर होतं. मी साळसूदपणे "छे हो" म्हणाले. दाराशी उभ्या असलेल्या त्यांच्या बायकोनं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि पदर तोंडाला लावून हसू दाबलं. त्या क्षणापासून आमचं दोघींचं जमलं.

त्यांना सगळं गाव काकाजी म्हणायचं आणि बायकोला काकी, म्हणून मीही तेच म्हणू लागले. काकाजी जवाहरनगरच्या कारखान्यातून निवृत्त होऊन गावी परतले होते. तिथलं काम दारूगोळ्याचं. आत जाण्याआधी खिसे रिकामे करायचे, काडीपेटी बाहेर ठेवायची, जोडे बदलायचे, आत जपून वावरायचं. माणूस निवृत्त झाला, पण त्याची शिस्त काही निवृत्त झाली नाही. रोज सकाळी, पूर्वी कारखान्याची बस यायची त्या वेळेला, ते खाकी शर्ट घालून, काकींनी भरलेला डबा घेऊन पुढच्या दारानं बाहेर पडायचे. मग अंगणातून, विहिरीवरून, गोठ्यामागून घराला वळसा घालून मागच्या दारानं आपल्याच घरातल्या एका खोलीत शिरायचे. याला ते ड्युटी म्हणत. संध्याकाळी तोच वळसा उलटा घालून पुढच्या दारी येत. काकी त्यांना पाण्याचा तांब्या देत आणि "आले का?" म्हणत.

त्या खोलीला घरातून, स्वयंपाकघरातूनही एक दार होतं. मी काकींना विचारलं, त्या दारानं का जात नाहीत?

"मी मनलं होतं एकडाव," काकी म्हणाल्या. "त मनते, रांधनीतून कोनी कामावर जाते का?"

ती खोली घरातली सगळ्यात मोठी. तिच्यात काकाजींनी जंगल वसवलं होतं. अर्ध्या छपराची कवेलू, म्हणजे कौलं, उतरवून तिथे रोपवाटिकेची हिरवी जाळी ताणली होती. फरशी उखडून माती टाकली होती आणि तिच्यावर रानातून पोत्यांनी आणलेला पालापाचोळा. कापलेल्या ड्रमांत उंबर, बांबू, कुडा वाढत होते. भिंतीवरून भोकं पाडलेला पाइप फिरवला होता आणि त्यातून कूलरच्या पंपानं पाणी ठिबकायचं. पंपच नव्हे, अख्खा कूलरच तिथे होता. विदर्भातल्या मे महिन्यात घरातला एकुलता एक कूलर पाखरांना, आणि आम्ही माणसं ओला टॉवेल डोक्यावर घेऊन बसलेलो. "आमची पोरगी माहेरी येते त रांधनीत निजते अन् पाखरं हॉलमंदी," असं काकी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायच्या. त्यात तक्रार कमी आणि अभिमान जास्त असायचा, पण तो त्या कबूल करत नसत.

पाखरं काकाजींची नव्हती, हे मात्र ते पहिल्याच भेटीत बजावत. तारेला धडकलेला हरियाल, झाड तोडल्यावर खाली पडलेलं धनेशाचं पिल्लू, मांजरानं अर्धवट सोडलेला तांबट असले रुग्ण जंगलखात्याचा नाकेदार, म्हणजे वनरक्षक, साहेबांच्या परवानगीनं त्यांच्याकडे आणून द्यायचा. साकोलीचे गुरांचे डॉक्टर येऊन बघून जायचे. पाखरू बरं झालं की नाकेदार पुन्हा येऊन घेऊन जायचा. कोणी हौशी माणूस म्हणालाच, "काकाजी, हे एक राहू द्या घरी, शोभा येते," तर काकाजी म्हणायचे, "हा दवाखाना हाय बाप्पा. दवाखान्यात कोनी संसार मांडते का?"

त्या खोलीत जायचं तर आधी मागच्या दाराशी तपासणी. भिंतीला एक लाकडी खोकं ठोकलं होतं. काकाजी हात पुढे करून विचारत, "काडीपेटी? मोबाइल? चपला?" सगळं खोक्यात आणि खोक्याखाली गेलं की ते आपल्या ओठांवर बोट आपटत आणि म्हणत, "आता तोंड. तोंड बाहेर ठेवून या." मला हा शेवटचा ऐवज जमा करणं फार जड जायचं. उंबराच्या फांदीआडून हरियालाचा पिवळा पाय दिसला की माझ्या तोंडून "अय्या" निघायचंच. मग काकाजी आधी घसा साफ करत, अं-हं, आणि दबक्या आवाजात म्हणत, "बोलू नोका, मॅडम."

त्यामागे त्यांचा एक सिद्धांत होता. ज्या पाखराला बोलता येतं त्याला माणूस सोडत नाही. मुकी पाखरं पकडली तरी कोणी विकत घेत नाही, पण चार शब्द बोलणाऱ्याला बाजारात गिऱ्हाईक उभंच असतं. म्हणून पाखरू जंगलात परत जायचं असेल तर त्याच्या कानावर माणसाची भाषा पडता कामा नये. हे ऐकून मी आधी हसले होते. मग भीमराज आला आणि माझं हसू गेलं.

पुस्तकी मराठीत त्याला भृंगराज कोतवाल म्हणतात. दाट रानातला पक्षी. काळाभोर, डोक्यावर कुरळा तुरा आणि शेपटीला दोन लांब तारा, प्रत्येकीच्या टोकाला पिसाचं एक पान. नकला करण्यात याचा हात कोणी धरू शकत नाही. हा पक्षी पिंजऱ्यात घालून कुणी परगावचा माणूस साकोलीच्या बसस्टँडवर विकायला बसला होता. नाकेदारानं त्याला पकडून पाखरू आणलं तेव्हा त्याचे दोन्ही पंख कात्रीनं कापलेले होते आणि शेपटीची एक तार तुटलेली. कापलेली पिसं गळून नवी यायला कित्येक महिने लागणार होते.

"नाव काय मनलं याचं?" काकाजींनी विचारलं.

"इकडं भीमराज मनतेत," नाकेदार म्हणाला.

काकाजींच्या ओट्यावर येणारा जाणारा "जय भीम" करूनच टेकायचा. त्यांचं घराणं आजोबांच्या वेळेपासून बौद्ध. ते त्या कापलेल्या पंखांकडे पाहत म्हणाले, "ज्याच्या नावात भीम हाय त्याले पिंजऱ्यात कोंडते. मानसाले काही वाटते का नाही?" आणि तो पिंजरा त्यांनी तिथल्या तिथे पायाखाली मोडून चुलीत घातला. त्यांना रागावलेलं मी त्याच एका दिवशी पाहिलं.

काकाजींना पाखरांची माया होती, ज्ञान बेताचंच होतं. भीमराजासाठी त्यांनी हौसेनं केळ्यांचा घड टांगला. तो घड काळा पडला, त्याच्यावर चिलटं जमली आणि भीमराज ती चिलटं टिपू लागला. ते पाहून काकी म्हणाल्या, "त्याले केरं नाही, किडे पायजेत." झालं, तेव्हापासून मी आणि काकी संध्याकाळी बांधीच्या धुऱ्यावर, म्हणजे धानाच्या शेताच्या बांधावर, नाकतोडे धरत फिरू लागलो. कॉलेजातल्या मराठीच्या मॅडम पदर खोचून नाकतोड्यामागे पळताहेत, हे दृश्य सानगडीनं फार आवडीनं पाहिलं. मला त्याची लाज वाटली नाही, कारण बांधीवर बोलायला बंदी नव्हती. दिवसभर घरात दाबून ठेवलेलं सगळं काकी तिथे बोलून घ्यायच्या. लेकीचं सासर, शेजारणीचा गुडघा, काकाजींच्या लग्नातला फेटा, काही म्हणता काही सुटायचं नाही. इतकी रसाळ बोलणारी बाई मी दुसरी पाहिली नाही.

आणि घरात तीच बाई भांडंसुद्धा जपून ठेवायची. कारण तिचं स्वयंपाकघर त्या खोलीच्या भिंतीला लागून. काकी कढईत फोडणी घालताना मला काही सांगू लागल्या की भिंतीपलीकडून ड्युटीवरचा आवाज यायचा. अं-हं. बोलू नोको.

हिवाळा सरत आला होता. भीमराजाला नवी पिसं आली होती, तो ड्रमातल्या उंबरावरून बांबूवर आणि बांबूवरून जाळीपर्यंत झेपावू लागला होता. शेपटीला नवी तारही फुटत होती. नाकेदार सोडायचा दिवस ठरवायला आला होता. आम्ही चौघं खोलीच्या मागच्या दाराशी उभे होतो, तोंडं अर्थातच बंद. तेवढ्यात आतून स्वच्छ आवाज आला.

"अं-हं. बोलू नोको."

आम्ही काकाजींकडे पाहिलं. त्यांचे ओठ मिटलेले होते. पुन्हा तोच आवाज, तोच घसा, तीच दबकी जरब. उंबराच्या फांदीवरून भीमराज आमच्याकडे मान वाकडी करून पाहत होता.

काकाजी मटकन पायरीवर बसले. "आता कोठी जाते हा," एवढंच म्हणाले. मग मान वर करून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "मॅडम, तुमाले मी हजारदा सांगतलं. तुमच्या बोलन्यापायी मले तुमाले शंभरदा चूप करा लागलं. तेच शिकला हा."

आता माझा व्याकरणाचा स्वाभिमान जागा झाला. "काकाजी," मी म्हणाले, "मला तुम्ही काय म्हणता? बोलू नोका. आदरार्थी. पाखरू म्हणतंय बोलू नोको. एकवचन आहे. हे तुम्ही मला म्हटलेलं नाही."

नाकेदार जमिनीकडे पाहू लागला. या घरात एकवचनात बोलण्यासारखं दुसरं कोण होतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. काकींनी हातातली परात उगाच पुसली.

"बरोबर हाय," त्या म्हणाल्या. "हे माह्या वाट्याचं हाय."

काकाजी त्यावर काहीच बोलले नाहीत. आणि दुसऱ्या दिवसापासून खरोखरच काही बोलले नाहीत. त्यांनी मौन धरलं. पाखरू ऐकतं तेच बोलतं, ऐकू येईनासं झालं की विसरेल, असा त्यांचा हिशेब असावा. सकाळी डबा घेऊन जाताना नुसती मान हलवायचे, पाणी हवं असलं तर तांब्या वाजवायचे. शीळ मात्र घालायचे. हरियालाची, धनेशाची, तांबटाची, सातभाईची, जमेल त्याची. जमत एकही नव्हती. धनेशाची शीळ ते घालत तेव्हा शेजारच्यांना वाटायचं, काकाजींची सायकल हवा सोडून राहिली. भीमराज मन लावून ऐकायचा आणि तांबटाचा टुक-टुक काकाजींपेक्षा चांगला काढून दाखवायचा.

एका संध्याकाळी मी त्यांना म्हटलं, "काकाजी, चुकलं कुठे सांगू? तुम्ही सगळं आणलंत. झाडं आणली, माती आणली, ओल आणली. पण त्याला ऐकायला तुम्ही एकटेच."

तेव्हा त्यांनी एकदाच मौन मोडलं. घरापासून दूर, विहिरीच्या काठावर. "तेच त," ते म्हणाले. "जंगलात त्याले पन्नास जनाची बोली आयकू येते. अठी माही एकट्याची. मॅडम, जंगल घरात आनता येत नाही. मी आनून पायलं. जंगल जठी हाय तठीच राहू द्या लागते, अन् कोनी तोडू नये मनून पाहारा द्या लागते. बाकी आपलं हे सारं मलमपट्टी."

हे वाक्य मी पुढे कितीतरी वर्गांत सांगितलं. कुठल्याही पुस्तकात मला पर्यावरण एवढं थोडक्यात सापडलं नाही.

महिनाभर भीमराजाच्या तोंडून ते शब्द आले नाहीत. मग प्रश्न निघाला, त्याला सोडायचं कुठे? विकणाऱ्यानं त्याला पकडलं होतं ते नवेगावच्या बाजूच्या रानात. भंडारा जिल्हा तुटून गोंदिया वेगळा झाल्यापासून तो भाग तिकडे गेलेला. आमचा नाकेदार भंडाऱ्याचा, तो डोकं खाजवू लागला की हे पाखरू दुसऱ्या जिल्ह्याचं आहे, तिकडच्या साहेबांना आधी विचारावं लागेल. काकाजींनी पाटीवर खडूनं लिहून दाखवलं, "जिल्हा तुटला. जंगल कोठी तुटलं?" आणि खाली आणखी एक ओळ, "पाखराले शाळेवानी टीसी लागते का?" नाकेदार हसत हसत गेला आणि तिकडची परवानगी घेऊन आला.

सोडायला आम्ही चौघं गेलो. मी भाषण तयार केलं होतं. नाकेदारानं गावातली चार माणसं बोलावून ठेवली होती, त्यांना वन्यजीवांचं महत्त्व पटवावं असा माझा बेत. काकाजींनी टोपलीवरचं कापड काढलं. भीमराज क्षणभर काठावर बसला, मग सरळ समोरच्या मोहाच्या झाडावर गेला, तिथून बांबूच्या बेटावर. नवी तार मागे लहरत होती. माझे डोळे भरून आले. मी घसा खाकरला, "मित्रहो," म्हणाले, आणि वरून उत्तर आलं.

"अं-हं. बोलू नोको."

जमलेली माणसं खो खो हसली. मीही हसले असते, पण काकाजींचा चेहरा पाहिला. तो पार उतरला होता. परतताना जीपमध्ये ते खिडकीबाहेर पाहत राहिले. आता याला कोणीतरी ऐकणार आणि पुन्हा पिंजऱ्यात घालणार, हीच एक गोष्ट त्यांच्या मनात होती, आणि ती आपल्या तोंडानं झाली हे त्यांना सहन होत नव्हतं. काकी वाटभर त्यांच्या पाठीवर हात ठेवून बसल्या होत्या.

त्यानंतर दर रविवारी काकाजी डबा घेऊन त्या रानात ड्युटीला जाऊ लागले. भीमराज दिसावा म्हणून नव्हे, तो बोललेला ऐकू येऊ नये म्हणून. पुढच्या उन्हाळ्यात एक दिवस नाकेदार मोटरसायकलवरून उतरता उतरताच हसत होता. झालं होतं असं, की कुणी दोघं चोरून सागवान तोडायला त्या रानात शिरले होते. कुऱ्हाड लावायच्या आधी आपसात काही बोलत होते, तर डोक्यावरून आवाज आला, अं-हं, बोलू नोको. वर पाहिलं तर माणूस नाही. कुऱ्हाड तिथेच टाकून दोघं पळाले ते थेट गावात. तेव्हापासून आसपासच्या गावांत बोलवा झाली की त्या रानात जागा जागती आहे. मोहफुलं वेचायला बाया जायच्या, पण गुपचूप वेचून यायच्या. झाड तोडायला कोणी धजेना.

"म्हंजे," काकाजी सावकाश म्हणाले, "मी जातो त हप्त्यातून एकडाव. तो रोज पाहारा देऊन राहिला?"

"रोज," नाकेदार म्हणाला.

काकाजी इतके हसले की त्यांना ठसका लागला. त्या दिवशी त्यांनी पहिल्यांदा मधल्या दारानं खोलीत प्रवेश केला आणि काकींना हाक मारून म्हणाले, "बोल वो आता, काय बोलाचं ते बोल." काकींनी त्यांना चहा दिला आणि म्हणाल्या, "आता आठवत नाही."

पुढे माझी बदली झाली. फोनवर बोलणं व्हायचं, म्हणजे काकी बोलायच्या. काकाजी गेले त्याची बातमीही काकींनीच दिली. झोपेतच गेले, आदल्या दिवशी ड्युटी पूर्ण करून. मी गेले तेव्हा काकी म्हणाल्या, "मॅडम, मले एकडाव त्या रानात न्या." नाकेदार आता पिकलेल्या मिशांचा झाला होता. त्यानं आम्हाला त्याच मोहाच्या झाडाखाली नेऊन बसवलं आणि सांगितलं, तोच आहे का त्याचं पोरगं, कोणास ठाऊक, पण आवाज येतो.

काकींनी पाय पसरले, गुडघे दाबले आणि मला म्हणाल्या, "उंबर मोठा झाला आता. ड्रम फुटला त्याचा."

वरच्या पानांत काहीतरी हललं. मग तो आवाज आला, अगदी जसाच्या तसा, घसा साफ करून. अं-हं. बोलू नोको.

मी काकींकडे पाहिलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, पण तोंडावर ते पहिल्या दिवशीचं हसू होतं. त्यांनी पदर तोंडाला लावला नाही. मान वर करून त्या म्हणाल्या, "काहून नाही बोलू? जलमभर आयकलं तुमचं. आता तुमी आयका."

आणि त्या बोलू लागल्या. उंबराचं सांगितलं, लेक आता माहेरी आली की हॉलमध्येच निजते पण उंबराखाली अंथरूण घालून, हे सांगितलं, कूलरची मोटर जळाली ते सांगितलं, शेजारणीच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेही सांगितलं. ऊन कलेपर्यंत त्या बोलत होत्या. वरून पुन्हा आवाज आला नाही. मीही तोंड बाहेर ठेवून आले होते.